युनिकोड चालत नाय म्हणे!

दोन वर्षं घासून सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवरचा (लष्करी अमलावरचा) प्रबंध युनिकोडात टाइप केला, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकताना बोटं वाकडी झाली. संदर्भ आणि तळटिपा सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर घेतलं, एक तर फुकट आणि खरंच कामाचं म्हणून. आणि काल नवी पेठेतला डीटीपीवाला फाइल बघून म्हणतो, "युनिकोड चालत नाय बघा मॅडम आमच्याकडं. आमच्या फॉन्टात कन्व्हर्ट करून आणा."

डोकंच फिरलं. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे! तेव्हा मी जन्मलेही नव्हते.

आणि यांचा तो 'फॉन्ट' म्हणजे काय, तर वर मराठीचा मुखवटा आणि फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं. असल्याच एका फॉन्टात 'भारत' लिहा, आत 'एच के के जे आर' साठवलेलं असतं. फॉन्ट काढला की उरतो नुसता कचरा. 'हुतात्मा' शोधा, सापडणार नाही. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे पुतळे इथं भर चौकात उभे आहेत, आणि माझ्या फाइलीत त्यांची नावं शोधून मिळायची नाहीत!

तरी कन्व्हर्टर लावून पाहिला. 'मार्शल'वरचा रफार उडाला. 'गिरणी'ची पहिली वेलांटी मागच्या शब्दाला जाऊन चिकटली. 'कामकऱ्यांनी'च्या मधोमध चौकोन. तळटिपांचं तर विचारूच नका. झोटेरोत एक संदर्भ मध्ये घातला की पुढचं सगळं आपोआप सरकतं. कन्व्हर्ट केलं की ते सगळं मेलं, बसा आता हातानं आकडे बदलत. (झोटेरोही काही देव नाही. मराठी लेखकांच्या नावापुढं 'आणि इतर'ऐवजी 'एट अल.' छापतं. पण ते निदान दुरुस्त करता येतं.)

माझ्या गाइड सरांना फोन केला तर म्हणाले, "आम्ही तर हातानं लिहायचो." सर, तुम्ही हातानं लिहायचात आणि टायपिस्ट निस्तरायचा. इथं लिहिणारीही मीच, निस्तरणारीही मीच.

पुन्हा दुकानात गेले. म्हटलं, पीडीएफ देते, फॉन्ट आतच आहे, नुसती छापा. "बघतो," म्हणाला आणि मोबाइलवर कुणाला तरी मेसेज टाइप करत बसला. मराठीत. युनिकोडात!