आडनावाशिवाय पान हलंना

टीव्हीवरचा विश्लेषक म्हणतो, 'मराठवाड्यात ध्रुवीकरण झालं.' झालं! जशी गारपीट होते, तसं हे पण वरून पडलं जणू. कुणी केलंच नाही! 2024 ला बीड लोकसभेचा निकाल साडेसहा हजार मतांच्या फरकानं लागला, त्यावर ह्यांनी मराठा विरुद्ध ओबीसी अशी जातींची गणितं मांडली आन् मोकळे झाले. आम्हाला इथंच राहायचंय ना!

इथं नुसतं नाव सांगून भागत नाही. 'पूर्ण नाव?' टाळलं तर 'गाव कोणतं?' गाव सांगितलं की, 'तिथं तर अमक्यांचीच घरं जास्त, तुम्ही त्यातलेच का?' अरे बाबा, मी गाडीची बॅटरी बदलायला आलोय, सोयरीक जमवायला नाही!

कटिंगची दुकानं सुद्धा वाटून घेतलीत लोकांनी. 'त्याच्याकडं नका जाऊ, त्यानं त्यांच्या सभेला जीप दिली होती.' दहावीच्या ग्रुपवर वाढदिवसाचे केक पडायचे. एकानं भाषणाची क्लिप टाकली, रात्रीतून निम्मे लेफ्ट, सकाळी दुसरा ग्रुप तयार. मी दोन्हीकडं आहे, म्हणून दोन्हीकडं संशयित.

अंतरवाली सराटी आन् वडीगोद्री, दोन्ही गावं अंबड तालुक्यातली, शेजारशेजारची. 1 सप्टेंबर 2023 ला अंतरवालीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला; जून 2024 मध्ये वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणासाठी उपोषण बसलं. दोन्ही मांडवांत पोरांच्या शिक्षणाची आन् नोकरीचीच काळजी. मग नोकऱ्या गेल्या कुठं, हे विचारा की कुणीतरी! ते नाही. कोण कुणाच्या दुकानातून साखर नेतो, ह्यावर मात्र बारीक लक्ष.

बीडच्या पोलिसांना 2025 मध्ये छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढून नुसतं नाव ठेवावं लागलं. वर्दीवाल्याची ही गत, तर साध्या माणसानं तोंड कुठं लपवावं?

सोयाबीनचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, मोंढ्यात माल जात होता त्याच्या खालीच. ओलाव्याच्या नावाखाली भाव पाडताना आडत्यानं कुणाची जात विचारली होती का? तिथं सगळे एका रांगेत, गुमान पट्टी खिशात घालून घरी. त्या रांगेत कुणाचा आवाज चढत नाही. चढतो तो पारावर, मोबाईल हातात धरून!

आता पुढच्या वेळी कुणी 'पूर्ण नाव काय म्हणायचं?' असं विचारलं, की आधारची झेरॉक्सच हातात देणार. झेरॉक्सचे पैसे पण त्याच्याकडूनच घेणार.