आधी कापाचा कोन, मग ताणणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मेंदूचे पातळ काप (सेक्शन) अ‍ॅटलसवर, म्हणजे मेंदूच्या नकाशावर, जुळवताना आधी कापाचा कोन पक्का करायचा आणि मगच सेक्शन ताणून बसवायचा, या माझ्या म्हणण्यावर तुमचे आक्षेप दोन. डीपस्लाइस हे सॉफ्टवेअर उंदराच्या मेंदूचे सेक्शन आपोआप काही मिनिटांत अ‍ॅटलसवर बसवत असताना विद्यार्थ्यांना क्विकनिआय या हाताने जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये कोन तपासायला लावणं म्हणजे वेळ घालवणं. आणि माणसाचा हात लागला की पूर्वग्रह आलाच.

डीपस्लाइस मीही आधी चालवतो. पण ते देतं तो प्रत्येक सेक्शनचा अंदाज. एका मेंदूचे सगळे सेक्शन क्रायोस्टॅटवर (गोठवलेला मेंदू कापायच्या यंत्रावर) एकाच कोनात कापलेले असतात, त्यामुळे शेजारच्या दोघांचे कोन वेगळे आले तर एक तरी चुकलाय. सगळ्या मालिकेला एकच कोन लावायची सोय त्यात आहे, पण ती वापरायची की नाही हे आपण ठरवायचं. उलटा चिकटलेला सेक्शन हुडकायला तर डोळेच लागतात.

कोनाचा एवढा आग्रह का, याचा हिशेब मांडून बघा. मेंदूची उंची 6 मिमी धरा. कापताना मेंदूचा ठोकळा 5 अंश कलला असेल, तर एकाच सेक्शनच्या वरच्या आणि खालच्या कडेत पुढे-मागे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. 40 मायक्रॉन जाडीने 13 सेक्शन! वर हिप्पोकॅम्पस चपखल जुळतो आणि खाली हायपोथॅलॅमसमध्ये आपण भलत्याच पातळीवर असतो. तिथलं पॅराव्हेंट्रिक्युलर न्यूक्लियस हे पेशींचं छोटं केंद्र पुढून मागे जेमतेम मिलिमीटरभर. त्यातल्या पेशी मोजणाऱ्याचा निष्कर्षच बदलेल.

बी-स्प्लाइन, म्हणजे चित्र जागोजागी लवचीकपणे ताणायची गणिती पद्धत, मात्र अशा सेक्शनलाही ओढूनताणून कडेला कड जुळवून देतं. चित्र सुरेख दिसतं, पातळीची चूक आत दडून राहते. ताणणं हे ऊतीत खरोखर झालेल्या बदलासाठी आहे: फिक्सेशनमध्ये (ऊती रसायनाने टिकवताना) आकसणं, स्लाइडवर चढवताना पडलेली सुरकुती, फाकलेलं वेंट्रिकल (मेंदूतली द्रवाची पोकळी). ज्या अ‍ॅटलसवर आपण जुळवतो तो अ‍ॅलन इन्स्टिट्यूटचा संदर्भ-मेंदू 1675 उंदरांच्या सरासरीतून घडलाय, आणि त्यांचं चित्रण प्रत्येक काप घेण्याआधी अख्ख्या ठोकळ्यातच झालं. स्लाइडवरच्या सुरकुत्या त्यात असणारच नाहीत. म्हणून व्हिज्युअलाइन किंवा अब्बा या प्रोग्रॅममधली ताणण्याची पायरी लागतेच, पण कोन पक्का झाल्यावर.

पूर्वग्रहाचा तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे, आणि त्यावर उपाय आहे. जुळवताना फक्त डॅपी किंवा निस्ल या सगळ्या पेशी दाखवणाऱ्या रंगाचं चॅनेल (चित्राचा थर) उघडं ठेवायचं, ज्या पेशी मोजायच्या त्यांचं चॅनेल बंद. प्राणी कोणत्या गटातला हे जुळवणाऱ्याला कळू द्यायचं नाही. पण कल सॉफ्टवेअरलाही असतो. डीपस्लाइस मुख्यतः अ‍ॅलनच्याच चित्रसंग्रहावर शिकलंय, तेही प्रौढ, निरोगी मेंदू. मुद्दाम स्ट्रोक घडवलेला उंदीर किंवा दहा दिवसांचं पिल्लू समोर आलं की त्याच्या उत्तरावर डोळे झाकून विसंबायला मी तयार नाही.

तुमच्याकडे मालिका तयार असेल, तर डीपस्लाइसने दिलेले सगळे कोन, मालिकेला एकच कोन लावण्याआधी, एका आलेखावर काढा. जो सेक्शन रांगेतून बाहेर पडलाय, तो आधी उघडून बघा आणि काय दिसलं ते इथे नक्की लिहा.