गॅस थंडावा देत नाही, अमोनिया देतो

विजेशिवाय, गॅसच्या ज्योतीवर चालणाऱ्या फ्रिजवरचा तुमचा लेख आवडला, पण 'सिलिंडरमधला गॅसच फ्रिज गार करतो' हे वाक्य कृपया दुरुस्त करा. एलपीजी फक्त ज्योतीपुरता. गारवा येतो मागच्या बंद नळ्यांतल्या अमोनियामुळे.

ज्योतीनं तापलं की पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर चढतो आणि जाळीत निवून द्रव होतो. पुढे त्याची गाठ नळ्यांत आधीच भरलेल्या हायड्रोजन वायूशी पडते, आणि खरी करामत इथेच आहे. नळ्यांत एकूण दाब सगळीकडे जवळपास सारखाच, पण हायड्रोजनच्या संगतीत अमोनियाच्या वाट्याचा दाब घटतो. म्हणून तो थंडीतही वाफ होऊन उडू लागतो आणि उडताना कप्प्यातली उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी गार होतं तेच हे तत्त्व. मग पाणी अमोनियाला परत शोषतं, हायड्रोजन मोकळा होतो, पुन्हा पहिल्यापासून. कॉम्प्रेसर नाही, पंप नाही. स्वीडनच्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे शोधलं!

२०१९ च्या महापुरात सांगलीत आमची लाईट कित्येक दिवस नव्हती. आईचं इन्सुलिन मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्यात ठेवून दिवस काढले. तेव्हापासून या फ्रिजबद्दल मिळेल ते वाचतोय.

एक गोष्ट लेखात हवीच होती. हा फ्रिज अगदी सपाट जागी ठेवावा लागतो, कलला की आतला प्रवाह अडतो. आणि खोली बंद ठेवू नका, ज्योत नीट जळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो.