झाकण उघडं की बंद?

बर्लिनमधल्या आमच्या भागातल्या कर कार्यालयात काल एक डॅशुंड कुत्रा माझ्यापेक्षा जास्त कायदेशीर निघाला, आणि ते अख्ख्या रांगेने ऐकलं.

मी इथे मराठी स्वयंपाकाचे वर्ग घेते. आमटी, भरली वांगी, थालीपीठ. त्याच्या नोंदणीची लांबलचक प्रश्नावली उन्हाळ्यातच 'एल्स्टर' नावाच्या सरकारी पोर्टलवर भरली. (पोर्टल ऑनलाइन, आत शिरायचा कोड मात्र कागदावर छापून पोस्टाने येतो.) आता झाडांची पानं गळाली, तरी स्टॉयरनुमर, म्हणजे व्यवसायाचा कर क्रमांक, काही येत नाही. आणि तो नंबर बिलावर नसेल, तर ज्या संस्थेत मी शिकवते तिथला हिशेबनीस पैसे सोडत नाही. तसा एक अकरा आकडी कर ओळख क्रमांक आहे माझ्याकडे. तो इथे तान्ह्या बाळालाही मिळतो आणि जन्मभर बदलत नाही. पण हिशेबनीस म्हणतो, हा नंबर नव्हे, तो नंबर.

तर रांगेत माझ्यामागे एक आजी, आणि आजींबरोबर ओटो.

"तुमचं काय अडलंय?" आजींनी विचारलं. इथे अनोळखी माणूस सहसा बोलत नाही, पण रांगेत दुसऱ्याचं अडलेलं कळायला हवं, एवढी माणुसकी सगळीकडे असते.

"नंबर आला नाही अजून."

"अरेरे. ओटोचा लगेच आला होता." बर्लिनमध्ये कुत्र्यावरही कर आहे, पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, आणि तोही याच कार्यालयात. आजींनी ओटोच्या पट्ट्याला लटकलेला बिल्ला मला दिसेल असा वर धरला. ओटोनेही सवयीने मान उंच केली.

"तो काय करतो?" मी विचारलं. जरा खवचटपणेच.

"काही नाही. तो निवृत्त आहे."

मागचे दोघे हसले. ओटोने तोवर माझ्या पिशवीत नाक घातलं होतं. पिशवीत गोडा मसाल्याची बरणी होती, पुरावा म्हणून आणलेली. ओटो असा शिंकला, की खिडकीमागच्या साहेबांनी शिंकेवर इथे म्हणतात तसं "गेझुंडहाइट" म्हटलं आणि मलाच पुढे बोलावलं.

साहेबांनी बरणी निरखली. "हे विकता?"

"वर्ग संपल्यावर लोक मागतात."

"मग तो गेवेर्बे झाला. शिकवणं हा फ्रायबेरुफ, म्हणजे स्वतंत्र पेशा. डॉक्टर, वकील, भाषांतरकार यांच्यासारखा. विक्री म्हणजे धंदा. त्याची नोंदणी वेगळी, कार्यालयही वेगळं."

"आणि वर्गातच वापरला तर?"

"तर तो शिक्षणाचा भाग."

"म्हणजे झाकण उघडलं तर शिक्षण, नाही उघडलं तर धंदा?"

मी वैतागून म्हटलं होतं. साहेबांनी पेन खाली ठेवून विचार केला. "ढोबळमानाने, हो."

"अर्धवट उघडं असेल तर?" मागून आजी. जमिनीवरची पट्टी ओलांडायची नाही, कारण पुढच्याचं बोलणं खाजगी असतं. आजी पट्टीमागेच होत्या. कान पुढे होते. "आणि आहे काय त्यात?"

धने, तीळ, खोबरं, लवंग इथपर्यंत ठीक चाललं. दगडफूल आल्यावर मी अडखळले. खडकावर, झाडाच्या सालीवर वाढतं, करडं, वाळलेल्या पापुद्र्यासारखं.

"आमच्या थडग्यांवर असतं तसं?" आजी म्हणाल्या. "आणि तुम्ही ते खाता?"

साहेबांनी बरणी दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. मग फॉर्मवर बोट ठेवलं. नफ्याचा अंदाज फार कमी दिसतोय. हा व्यवसायच आहे ना, छंद तर नाही?

इथे मात्र माझं डोकं सणकलं. नोंदणी करतानाच सांगायचं, यंदा नफा किती होणार. जास्त लिहिला तर तिमाहीला आगाऊ कर मागतील. कमी लिहिला तर छंद. सांगलीची मावशीही फोनवर हेच म्हणते, "तेवढाच तुझा वेळ जातो गं." मावशीला माफ आहे, ती निदान लाडू पाठवते. धंद्याच्या वेगळ्या कराला वर्षाला २४,५०० युरो नफ्यापर्यंत सूट आहे म्हणे. तेवढा गोडा मसाला खपायचा तर बर्लिनला रोज आमटी प्यावी लागेल. आणि तोवर आरोग्य विमा? नोकरदाराचा निम्मा हप्ता मालक भरतो. माझी मालक मीच, तेव्हा दोन्ही निम्मे माझेच. विमावाल्यांची पत्रं बरी वेळेवर येतात. त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही, की बाई, हा छंद आहे का?

"नंबर पोस्टाने येईल," साहेब म्हणाले. कधी, ते नाही.

बाहेर आजी गाठ पडल्या. त्यांचं काम चुटकीसरशी झालं होतं. "मला एक बरणी द्या."

"विकता येत नाही."

"मग शिकवा. झाकण उघडा, मला वास द्या आणि बरणी विसरून जा." क्षणभर ही बाई त्या खिडकीमागे बसायला हवी होती असं वाटलं. "शिकवणीचे किती? पेन्शनरांना सवलत असेल ना?"

मी सवलत दिली. आजींनी पर्स उघडली, नाणी मोजली आणि मुठीतच धरून ठेवली.

"बिल द्याल ना?"