चिलखती गाडी, एअर पॅक आणि केंद्राचा पैसा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या फायर कंपन्यांना, म्हणजे गावोगावच्या अग्निशमन दलांना, मिळणारं केंद्राचं अनुदान कापू नये, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही डॅलसहून सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 9/11 नंतर होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे देशांतर्गत सुरक्षेच्या, नावाखाली पैसा उधळला गेला, आग विझवणं हे गावाचं काम, त्याचा खर्च गावाने प्रॉपर्टी टॅक्समधून करावा, आणि जे हौसेने स्वयंसेवक होतात, त्यांच्यासाठी वॉशिंग्टनने तिजोरी का उघडावी? 'एकाच दुःखावर वीस वर्षं अनुदानं मागणं थांबवा,' असा शेवट तुम्ही केलात. याला चार ओळींत उत्तर देणं मला जमेना.

उधळपट्टीबद्दल आपलं भांडण नाही. तुम्ही दिलेलं न्यू हॅम्पशरमधल्या कीन गावाचं उदाहरण खरं आहे. जेमतेम तेवीस हजार वस्तीच्या त्या गावाने चिलखती गाडी मागितली आणि अर्जात तिथल्या भोपळ्याच्या जत्रेचा उल्लेख केला. मला तर त्याहून जास्त संताप येतो तो मूळ वाटपाचा. 2001 च्या पेट्रियट ॲक्ट या दहशतवादविरोधी कायद्याने प्रत्येक राज्याला या निधीतला किमान 0.75 टक्के वाटा बांधून दिला, त्यामुळे वायोमिंगला माणशी न्यूयॉर्कपेक्षा जास्त पैसे मिळाले. पैसा धोका पाहून वाटा, असं 9/11 आयोगाने 2004 मध्ये बजावलं. 2007 च्या कायद्याने तो किमान वाटा टप्प्याटप्प्याने 0.35 टक्क्यांवर आणला.

पण चिलखती गाडीचा पैसा आणि मी ज्याबद्दल लिहिलं तो पैसा, या दोन वेगळ्या थैल्या आहेत. पहिली थैली राज्यांमार्फत वाटली जाते आणि तिचा रोख दहशतवादावर असतो. दुसरी थेट फायर डिपार्टमेंटला मिळते: उपकरणं आणि प्रशिक्षणासाठी एएफजी, माणसं नेमण्यासाठी सेफर. एएफजीचे अर्ज अग्निशमन क्षेत्रातलीच माणसं वाचून तपासतात. वीस हजारांपर्यंत वस्ती असेल तर गावाने अनुदानाच्या 5 टक्के स्वतः घालायचे, दहा लाखांपर्यंत 10 टक्के, त्यापुढे 15. अख्ख्या देशासाठी या दोन्ही योजनांना 2023 मध्ये प्रत्येकी 36 कोटी डॉलर होते, 2024 मध्ये ते 32 कोटी 40 लाखांवर आले.

हा पैसा जातो कशावर? धुरात श्वास घेता यावा म्हणून पाठीवर बांधायच्या एअर पॅकवर. त्याच्या कंपोझिट सिलिंडरचं आयुष्य पंधरा वर्षांचं, आगीत घालायचा पोशाख दहा वर्षांनी बाद करायचा असतो. एका माणसाला पायापासून डोक्यापर्यंत नीट सजवायचं म्हणजे दहा हजार डॉलरच्या आसपास खर्च. निधी जमवायला पॅनकेक ब्रेकफास्ट विकून किती जणांना सजवणार?

आता 'गावाचं काम' या मुद्द्याकडे येते, कारण खरा मतभेद तिथेच आहे.

तुमच्याकडून वेकोला जाताना आय-35 महामार्गावर टेक्सासमधलंच वेस्ट नावाचं गाव लागतं. कोलाचे (चेक पद्धतीचे गोड पाव) खायला तुम्हीही कधी थांबला असाल. 17 एप्रिल 2013 ला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तिथल्या खताच्या गोदामात आग लागली. स्वयंसेवक हातातलं काम टाकून धावले. वीसेक मिनिटांत अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. 15 माणसं गेली, त्यांतली 12 आग विझवायला किंवा मदतीला आलेली होती. अशा रसायनाचा ठरावीक मर्यादेहून जास्त साठा असेल तर होमलँड सिक्युरिटी खात्याला कळवणं बंधनकारक होतं. या कंपनीने आदल्या वर्षी 270 टन साठा असल्याचं राज्याला कळवलं होतं, होमलँड सिक्युरिटीला मात्र नाही. समोर जळतंय ते काय आहे आणि त्यापासून किती लांब उभं राहायचं, हे शिकवणारं प्रशिक्षण त्या माणसांना पुरेसं मिळालेलं नव्हतं, असं केंद्राच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या चौकशीत निघालं. जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावाने ते प्रशिक्षण प्रॉपर्टी टॅक्समधून उभं करायचं?

ओहायोतलं ईस्ट पॅलेस्टाईन तर त्याहून बोलकं. 3 फेब्रुवारी 2023 ला तिथे घसरलेल्या मालगाडीतलं व्हिनाइल क्लोराइड हे विषारी रसायन ना त्या गावाचं होतं, ना त्या गावासाठी होतं. धावून आले ते मात्र आसपासच्या गावांतले, बहुतेक स्वयंसेवकच. देशभर फिरणाऱ्या मालाचा धोका रुळालगतच्या गावाने एकट्याने पेलावा, हा न्याय मला पटत नाही.

स्वयंसेवकांच्या 'हौशी'बद्दल वाचून वाईट वाटलं. आपण मुंबई-पुण्याहून आलेलो असतो. फायर ब्रिगेड म्हणजे महापालिकेचं पगारी खातं, हेच चित्र डोक्यात असतं. इथे न्यू जर्सीत राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांना पत्ताही नसतो की आपल्या टाउनशिपमध्ये रात्री दोन वाजता येणारा माणूस सकाळी आठला दुसरीकडे नोकरीवर जाणार आहे. या देशातले सुमारे 65 टक्के फायरफायटर असे बिनपगारी आहेत. त्यांनी वेळ फुकट दिला, म्हणून श्वास घ्यायची हवाही त्यांनीच विकत आणावी, असं आपण म्हणू शकत नाही.

आणि ते 'एकाच दुःखाचं'. 11 सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या फायर डिपार्टमेंटचे 343 जण गेले. त्या ढिगाऱ्याच्या धुळीने पुढे जडलेल्या आजारांनी गेलेल्यांची संख्याही सप्टेंबर 2023 मध्ये 343 वर पोचली. त्यांच्या उपचारांसाठीचा झाड्रोगा कायदा सही होऊन यायला 2 जानेवारी 2011 उजाडला, आणि नुकसानभरपाईचा निधी कायमचा व्हायला 2019. ते दुःख अजून चालू आहे, म्हणून मागणी चालू आहे.

तुमचा एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करते. सेफरचा पैसा साधारण तीन वर्षं मिळतो. तो संपला की नेमलेली माणसं ठेवायची कशी, हा प्रश्न गावावर येऊन पडतो. पण माझ्या मते त्यावर उपाय मुदत आणि वाटा नीट आखण्याचा आहे, योजनाच बंद करण्याचा नाही.

शेवटी एक विनंती. वेस्टच्या कंपनीने न पाळलेला तो रसायनसाठ्यांचा नियम 28 जुलै 2023 ला मुदत संपून गळून पडला, कारण काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तो वेळेत वाढवला नाही. त्यात उधळपट्टीचा प्रश्नच नाही, साठा कुठे किती आहे हे सांगण्याची आणि तो सुरक्षित ठेवण्याची सक्ती त्यात होती. तो परत आणा, असं तुमच्या काँग्रेसमनला लिहाल का? मी माझ्या काँग्रेसमनला लिहिलं आहे. मजकूर हवा असेल तर पाठवते.