351 रुपये जपून वापरा

आसामातल्या चहाच्या मळ्यात जन्मून विधानसभेत जायचं ठरवलं असेल, तर अभ्यास, वक्तृत्व वगैरे आधी डोक्यातून काढून टाका. 126 जागांच्या सभागृहात वरच्या आसामातल्या कित्येक जागा मळ्यातल्या मतांवर फिरतात, हे सगळ्या पक्षांना पाठ आहे. मळ्यातला माणूस त्यांना हवाच आहे. तो तुम्हीच का, एवढंच पटवायचंय.

सुरुवात युनियनपासून. इथे वर्गणीसाठी दारोदार हिंडावं लागत नाही. व्यवस्थापनच मजुरीतून ती कापतं आणि संघटनेकडे पोचवतं. ज्याच्याशी भांडायचं तोच आपली वर्गणी वसूल करून देतो, अशी सोय नशिबानं मिळते. तेव्हा भांडा, पण बेतानं. त्यासाठी उत्तम मुहूर्त दुर्गापूजेच्या आधीचा, बोनसचा. कायद्यात किमान 8.33 टक्के, कमाल 20. तुम्ही 20 मागा. पहिल्या बैठकीतून तावातावानं उठा, दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर सभा घ्या, तिसऱ्या बैठकीत चहा प्या आणि सही करा. ढोलावर थाप पडली की आकडा कोणी विचारत नाही.

लोकांत मिसळताना तपशील सांभाळा. मळ्याचं घड्याळ देशाच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे असतं, ते ‘बागान टाइम’. दहाची सभा तुमच्या मोबाइलमध्ये नऊला आहे. उशिरा पोचलात तर घड्याळावर ढकला, लवकर पोचलात तर कोणी विश्वास ठेवणार नाही. मजुरीला ‘हाजिरा’ म्हणा, वस्तीला ‘लाइन’. आणि हंगामी मजुराला इथे ‘फालतू’ म्हणतात. होय, अगदी तेच. हा शब्द भाषणात टाळा, पण मतदारयादी तपासताना विसरू नका. कायम मजुराचं आणि फालतूचं मत सारख्याच वजनाचं भरतं. मळ्यात सारखं वजन मिळण्याचा हा एकच प्रसंग.

वजनावरून आठवलं. फोटो काढायचा तो पानाच्या वजनकाट्याशीच. पाठीवर पानाची पिशवी, कपाळावर तिचा पट्टा, रांगेत बाया, शेजारी तुम्ही. दिवसाचा ‘ठीका’, म्हणजे तोडायच्या पानाचा ठरलेला आकडा, बहुतेक मळ्यांत 24 किलोंच्या आसपास. भरला नाही तर हाजिरा तुटतो. पिशवीचं वजन आणि पानावरचं पाणी या नावाखाली दोन-तीन किलो वजा होतात, अशी बायांची जुनी तक्रार आहे. ती ऐकताना मान हलवा. काट्याच्या आकड्याकडे मात्र पाहू नका. पाहिलात तर बोलावं लागेल, बोललात तर मोहरीबाबू, म्हणजे वजन लिहिणारा कारकून, दुखावेल, आणि मोहरीबाबूला सगळ्या लाइनी घरटी पाठ असतात. आणखी एक हिशेब चारचौघांत मांडू नका: साधारण साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो, म्हणजे ठीक्याचा झाला पाच किलोंहून जास्त. समोरची बाई त्याला दुकानातल्या भावानं गुणते आणि मग तुमच्याकडे बघते.

दुपारी कामावर मिठाचा काळा चहा येतो. तोंड वाकडं न करता प्या. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात. तुम्ही ते प्यायलेलं आहे, त्यामुळे जागण्याची सक्ती नाही.

अर्ज भरताना एक गंमत होईल. झारखंडातला तुमचा मुंडा किंवा संथाळ भाऊबंद अनुसूचित जमातीचा. विधानसभेला त्याची अनामत 5,000 रुपये. त्याच पणजोबांचे तुम्ही आसामात ओबीसी, म्हणून पूर्ण 10,000. रक्कम भरा आणि पावती फ्रेम करून ठेवा, पुढची पंचवीस वर्षं ती भाषणात चालेल. सहा समाजांना जमातीचा दर्जा देणारं विधेयक जानेवारी 2019 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं होतं, त्या यादीत चहा जमातीही, म्हणजे तुम्हीही, होतात. घोंगडं अजून भिजतंय. वाळवायची घाई तुम्ही तर मुळीच करू नका. ज्या दिवशी दर्जा मिळेल त्या दिवशी तुमचं निम्मं भाषण जाईल.

उरलेलं निम्मं 351 रुपयांवर. 2016 च्या जाहीरनाम्यात भाजपने 351 रुपये हाजिऱ्याचं आश्वासन दिलं. 2021 मध्ये काँग्रेसने 365 बोलून दाखवले. या पाच वर्षांत मजुरी 167 पर्यंत पोचली होती. मग फेब्रुवारी 2021 कसा खेळला गेला ते नीट पाहा, यापेक्षा चांगला धडा नाही. महिन्याच्या सुरुवातीला मजुरांच्या खात्यात 3,000 रुपये, महिना सरताना 50 रुपये वाढीचा सरकारी आदेश. म्हणजे 217. मळेवाले हायकोर्टात गेले, आदेश अडकला, मतदान वेळेवर पार पडलं. निवडणूक उरकल्यावर वाढ 38 वर मिटली: 205. यात कुणाचं काय बिघडलं? सरकारनं दिले, कोर्टानं अडवले, मालकांनी परवडतील तेवढे मान्य केले, आणि आमदारानं तिन्ही वेळा पत्रक काढलं. पुढे ऑगस्ट 2022 मध्ये 232, ऑक्टोबर 2023 मध्ये 250. तेही ब्रह्मपुत्रा खोऱ्यात. बराक खोऱ्यात तेव्हा 228. तोच पाला, तेच राज्य, 22 रुपयांचा फरक. मतदारसंघ बराकमध्ये असेल तर मागायला तेवढे जास्त शिल्लक, खूश राहा.

351 ची नोट एकदम मोडू नका. सुटे करा. दर दोन वर्षांनी वीस-पंचवीस.

निवडून आलात की लोक रस्ता मागतील. आत्तापर्यंत उत्तर तयार होतं: जमीन कंपनीच्या लीजवर, व्यवस्थापनाचं ना-हरकत आलं की लगेच. नोव्हेंबर 2025 मध्ये लाइनीतल्या जमिनीवर मजुरांना हक्क देणारी दुरुस्ती विधानसभेत मंजूर झाल्यामुळे हे उत्तर जरा कच्चं झालंय. घाबरू नका. मोजणी, नकाशा, यादी, यादीतली चूक, चूकदुरुस्तीचा अर्ज, अर्जाची छाननी: एक कार्यकाळ आरामात जातो. पाळणाघराचंही तसंच. 1951 च्या मळे कामगार कायद्यात 50 बाया असतील तिथे पाळणाघर आणि 150 मजूर असतील तिथे कँटीन लिहिलं होतं. आता तो कायदाच नव्या श्रमसंहितेत विरघळला. कुणी विचारलंच तर ‘नवे नियम अभ्यासतोय’ म्हणा. वाचायला बसलात तर ते खरंही ठरेल.

सभागृहात फार बोलायचं नसतं. मळ्यातल्या झुमुर नाचाला मात्र पहिल्या रांगेत हजर राहा. फेब्रुवारी 2025 मध्ये गुवाहाटीच्या स्टेडियमवर पंतप्रधानांसमोर आठ हजारांवर कलाकारांनी एकत्र झुमुर केला. लाल काठाच्या पांढऱ्या साड्या, मांदल ढोल, दिवे. त्या रात्री मजुरीचा आकडा कोण काढणार?

शेवटचं घरचं. आईचं नाव हाजिऱ्याच्या वहीतून इतक्यात काढू नका. जमिनीचा हक्क हातात येईपर्यंत लाइनीतलं घर कामाला बांधलेलं असतं. घरातलं एक तरी माणूस मळ्यावर नसेल तर घर सोडावं लागतं. पहिल्या खेपेला पडलात तर परतायला तेच छप्पर आहे. जिंकलात तर गुवाहाटीच्या बंगल्यात राहा, पण दर पाच वर्षांनी मार्चमध्ये एक सकाळ तिच्या पाठीवर पिशवी देऊन तिला पुढे उभी करा. पिशवी रिकामी ठेवा, वय झालंय तिचं.