भाडेकरू पारखावा कसा

पर्वरीला दुसरा फ्लॅट घेतलात आणि आता भाडेकरू शोधताय? मग मुलाखत घ्यायला शिका. पंखा एकवर ठेवा, माणूस घामाघूम झाला की खरं बोलतो.

पहिला प्रश्न आडनावाचा. त्यातून उलगडा झाला नाही तर मूळ गाव, तेही पुरलं नाही तर कुलदैवत. मंगेश की म्हाळसा एवढं कळलं की अर्धं काम झालं. मग लग्न झालंय का, नसेल तर अडलंय कुठे? माशांचा प्रश्न मात्र जपून विचारा. खातो म्हणाला तर जिन्यात बांगड्याचा वास. नाही म्हणाला तर अधिकच पंचाईत: गोव्यात राहून माशांच्या हुमणाला नाही म्हणणारा माणूस लपवतोय तरी काय?

इतकं झाल्यावर पोलिसांचा फॉर्म उरतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकावर बंधनकारक आहे. पण ज्या फॉर्मात कुलदैवताचा रकानाच नाही, त्याला किती मान द्यायचा? एजंटला सांगा, "तू बघ." तो म्हणेल, "झालं समजा." तुम्ही समजा. भाडेकरू परदेशी असला तर त्याची माहिती २४ तासांत कळवायची असते. आता गोव्यात दुपार वगळली तर २४ तासांतले उरतात किती?

करार ११ महिन्यांचाच करा. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या कायद्याने नोंदणी लागते. भाडं मात्र बाराही महिन्यांचं घ्या.

आणि पावती? जीव गेला तरी देऊ नका. पावती दिली की भाडेकरू मुंडकार (जमीनदाराच्या जागेत त्याच्या संमतीने राहणारा, ज्याला कायदा सहज हलवू देत नाही) होतो आणि घर हातचं जातं, हे आपल्याकडे पोरांना बाराखडीआधी शिकवतात. १९७५ चा मुंडकार कायदा आला आणि भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, झोप उडाली. आमच्या घरात माडाचं एक झाडही नव्हतं, तरी आमचीही उडाली. आता त्याच कायद्यात लिहिलंय की घराचं भाडं भरणारा मुंडकार ठरतच नाही, म्हणजे पावती हाच तुमच्या बाजूचा पुरावा. असू दे. कायदा वाचून भीती घालवायची तर वाडवडिलांनी ती जपली कशाला? शिवाय भाडं वर्षाला लाखावर गेलं की एचआरएच्या (घरभाडे भत्त्याच्या) करसवलतीसाठी तुमचा पॅनही मागतात. पॅन मागणारा भाडेकरू सज्जन कसा असेल?

माझा मागचा भाडेकरू सगळ्या प्रश्नांत पास झाला होता. कणकवलीच्या त्याच्या मावशीचा मधुमेहसुद्धा मला पाठ होता. चतुर्थीला गावी जातो म्हणून गेला, तो दोन महिन्यांचं भाडं, विजेचं बिल आणि माझा गीझर घेऊन. चौकीवर हवालदाराने पूर्ण नाव आणि पत्ता विचारला. मी आडनाव सांगितलं आणि कुलदैवत सांगितलं. आधारची झेरॉक्स एजंटकडे आहे म्हणालो.

"एजंटचं नाव?"

"बाबू."

"पुढे?"

ते मी विचारलं नव्हतं. त्याला कुठे घर द्यायचं होतं?